छतावरचा बांबू

सिहोऱ्याच्या नहरीत होडी चालत नाही. चांदपूरच्या जलाशयातून सुटलेलं पाणी नहरीनं येतं, पाटात उतरतं, पाटातून बांधीत शिरतं आणि धानाच्या मुळाशी जाऊन थांबतं. त्या पाण्याचं काम तेवढंच, आणि आमच्या पट्ट्यासाठी त्याहून मोठं दुसरं काम नाही. तुमसर तालुक्याचा हा भाग धानावर जगतो. पऱ्हे तयार असतात, आभाळ कोरडं असतं आणि चौकाचौकात एकच विचारणा असते: नहर कधी सुटणार? अशा गावात वाढलेल्या माणसाला पाण्यावरची सहल ही गोष्ट मुळात परकी. होडी म्हणजे आमच्या लेखी तलावावरचा ढिवरांचा डोंगा. त्यात जाळं असतं, बांबू असतो आणि एक-दोन माणसं असतात.

पण पाणी आणि इंजिन ही जोडी मात्र आमच्या घरातली होती. नहरीच्या शेवटच्या टोकाला ज्यांचं शेत आहे त्यांना पाण्याची वाट पाहण्याचं दुःख वेगळं सांगायला नको. वरच्या बांध्या भरतात, मधल्या भरतात आणि टोकाशी पोचेपर्यंत पाण्याचा जोर सरतो. म्हणून बाबांनी नाल्यावर डिझेलचं इंजिन बसवलं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली, 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, आणि पुढच्या काही दशकांत पाच अश्वशक्तीचं इंजिन महाराष्ट्राच्या शिवाराशिवारात धडधडू लागलं. हँडल मारून सुरू होणारं, पट्ट्यानं पंप फिरवणारं, बैलगाडीत घालून एका शेतातून दुसऱ्या शेतात नेता येणारं. त्या इंजिनानं कितीतरी घरांची रोवणी वाचवली. आमचीही.

ते बंद पडायचंच. रोवणीच्या ऐन घाईत, बांधीत बायका वाकलेल्या असताना बंद पडायचं. आणि तेव्हा बाबा जे करत ते मी लहानपणी पुन्हा पुन्हा पाहिलं. ते इंजिनाकडे धावत जात नसत. जवळ जाऊन उभे राहत. मी हँडलकडे हात नेला की म्हणत, "पयले आयक, मंग हात लाव."

इंजिन बंद पडल्यावर ऐकायचं काय, असं मला वाटे. हळूहळू कळलं की ते बंद पडतानाचा आवाज आठवायला सांगत होते. एकाएकी गप्प झालं असेल तर एक कारण, धापा टाकत, चढत-उतरत गप्प झालं असेल तर दुसरं. काळा धूर ओकत दमलं असेल तर त्याच्यावर ओझं जास्त आहे किंवा त्याला श्वास मिळत नाही. चढ-उतार करत थांबलं असेल तर डिझेल नीट पोचत नाही. मग ते एका ठरलेल्या क्रमानं जात. टाकीत डिझेल आहे का? असेल तर नळीतून पुढे येतं का? येत असेल तर स्वच्छ आहे का, की तळाशी पाणी साचलंय? आणि सगळं ठीक असेल तर नळीत हवा धरली आहे का? डिझेलच्या इंजिनाला नळीतला हवेचा बुडबुडासुद्धा चालत नाही. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. त्यामुळे हवा मध्ये आली की पंपाचा सगळा जोर त्या बुडबुड्यावर खर्च होतो आणि नोझलमधून फवाराच उडत नाही. बाबा पान्यानं एक लहानसा स्क्रू सैल करत. आधी फेस यायचा, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. धार सलग झाली की स्क्रू घट्ट, हात पुसायचे आणि हँडल मारायचं.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. इंजिन दुरुस्त होईपर्यंत बाबा बांधीतल्या बायकांना रिकामं उभं ठेवत नसत. ज्या बांधीत पाणी होतं तिथे त्यांना वळवत. नाल्याच्या वरच्या अंगाला मातीचा लहान बांध घालून एक पाट तयार ठेवलेला असे. त्यातून फार पाणी येत नसे, पण चिखल सुकणार नाही इतकं येई. इंजिनाचा भरवसा होता, तरी तो पाट बाबांनी कधी बुजू दिला नाही. दरवर्षी उन्हाळ्यात ते तो कुदळीनं साफ करत.

पुढे अनेक वर्षांनी, सिहोऱ्यापासून फार दूर, होडी चालते अशा एका कालव्यावर मला त्या पाटाची आठवण आली.

माझी भाची इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहते. मी तिच्याकडे गेले असताना तिनं, जावयांनी आणि नातवंडांनी मिळून कालव्यावरच्या सहलीचा बेत आखला. स्ट्रॅटफर्डच्या कालव्यावर भाड्यानं घेतलेली लांबुडकी, अरुंद बोट. तिथल्या जुन्या कालव्यांची कुलूपदारं, म्हणजे बोटीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजे, जेमतेम सात फूट रुंद आहेत. म्हणून बोटीही तेवढ्याच रुंदीच्या असतात. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत जाते. आत चूल, मोरी, निजायची जागा. मागच्या टोकाला उभं राहून हातातल्या दांड्यानं सुकाणू वळवायचं. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे झपझप चालणारा माणूस काठावरून सोबत करू शकतो. कालवा आमच्या नहरीपेक्षा फार मोठा नव्हता. दोन्ही काठांना झाडी, पाणी मातकट, खोली कमरेएवढी. मला पहिल्या तासातच तिथं घरच्यासारखं वाटलं.

पहिला बिघाड दुपारी आला. बोट जड झाली. जावई दांडा दाबत होते, इंजिन कष्टत होतं, मागे काळा धूर, आणि बोट पुढे सरकेना. ओझं कशाचं ते उघड होतं: बोटीला पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला काहीतरी गुंडाळलं गेलं होतं. या बोटींमध्ये त्यासाठी एक फार शहाणी सोय असते. पंख्याच्या बरोबर वर, बोटीच्या मागच्या भागात, एक झाकण असतं. इंजिन बंद करायचं, किल्ली काढून खिशात ठेवायची, कारण हात आत असताना कुणी चुकून किल्ली फिरवली तर हात जाईल. मग झाकण उघडून खांद्यापर्यंत हात पाण्यात घालायचा आणि चाचपडत, सुरीनं कापत, अडकलेलं एकेक बाहेर काढायचं. जावई पालथे पडून ते करत राहिले. प्लॅस्टिकच्या पिशवीच्या चिंध्या निघाल्या, निळी नायलॉनची दोरी निघाली. शेवटी झाकण घट्ट आवळून बसवायचं. ते सैल राहिलं तर फिरणारा पंखा पाणी वर उसळवतो आणि ते आत भरत जाऊन बोट बुडू शकते. दुरुस्तीचं शेवटचं पाऊल पहिल्याइतकंच सावधपणे टाकायचं असतं, हे बाबाही सांगत. स्क्रू सैल करताना सगळेच जागे असतात, घट्ट करताना मन पुढे पळालेलं असतं.

दुसरा बिघाड वेगळा होता. एका वळणावर इंजिनाचा आवाज चढू-उतरू लागला. जोरात, मग मंद, मग पुन्हा जोरात. तो आवाज मी ओळखला. जावयांना म्हटलं, डिझेल पोचत नाहीये. वाक्य पुरं होईतो ते थांबलं.

चालत्या गाडीचं इंजिन थांबलं तर ब्रेक दाबता येतो. पाण्यावर ब्रेक नसतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुकाणूही जवळजवळ निकामी होतं, कारण त्याला वळायचं बळ पंख्यानं मागे फेकलेल्या पाण्यातून मिळतं. पंखा थांबला की दांडा हातात असतो, पण बोट ऐकत नाही. वारा आडवा होता. बोटीचं पुढचं टोक समोरच्या काठाच्या झुडपांकडे वळू लागलं. जावयांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं. त्यांनी पुन्हा फिरवली. मी म्हटलं, "आता नको, बॅटरी जाईल." वारंवार किल्ली फिरवल्यानं एका बिघाडाचे दोन होतात. हँडलच्या इंजिनाला बॅटरी नसायची, पण तोडगा न शोधता हँडल मारत राहणाऱ्या माणसाचे दंड भरून यायचे आणि खरी गरज पडे तेव्हा त्यांच्यात बळ उरत नसे. नियम एकच.

"मावशी, मग करायचं काय?" भाचीनं विचारलं.

"आधी काठ गाठायचा. इंजिनाचं नंतर."

बोटीच्या छतावर एक लांब दांडा आडवा ठेवलेला होता. सकाळपासून तो माझ्या नजरेत होता, कारण तो थेट आमच्या डोंग्यातल्या बांबूसारखा होता. भाचीनं तो उचलला, तळाला टेकवला आणि सगळा भार टाकून रेटलं. पंधरा-सोळा टनांची लोखंडी बोट एका बाईच्या रेट्यानं हलली. सावकाश, पण हलली. पाण्यावरच्या वजनाला घाई चालत नाही, नेट लागतो. एकदा ती सरकू लागली की सरकत राहते. पुढचं टोक काठाला लागताच जावई दोर घेऊन उतरले. तिथं बांधायला जागा धड नव्हती, वळणावर थांबलो तर दुसऱ्या बोटींना अडचण झाली असती. म्हणून आम्ही ती दोरानं ओढत पुढे नेली.

आणि पुढे पूल आला. लोखंडी, लहानसा, पाऊलवाटेचा पूल. जावई थबकले, कारण काठावरची वाट पुलाखालून जात नव्हती. बोट पुलाखालून जाणार आणि दोर धरलेला माणूस पुलाच्या बाजूनं, मग दोर अडणार. जवळ गेलो तर दिसलं की तो पूल मधोमध चिरलेला आहे. दोन्ही काठांवरून पुढे आलेले दोन अर्धे भाग, आणि त्यांच्यामध्ये बोटभर फट. दोर त्या फटीत घातला, अलगद पलीकडे गेला आणि आम्ही बोट ओढत राहिलो.

ती फट दोनशे वर्षांची आहे. स्ट्रॅटफर्डचा कालवा 1816 मध्ये पुरा झाला. तेव्हा बोटींना इंजिन नव्हतं. काठावरून घोडा चाले, मागे दोर, दोराला बोट. एक घोडा अशा रीतीनं वीस-पंचवीस टन माल ओढून नेई. रस्त्यावर एवढा माल हलवायला कितीतरी घोडे आणि गाड्या लागल्या असत्या. प्रत्येक पुलापाशी घोडा सोडायचा आणि पुन्हा जुंपायचा, यात वेळ जाई. म्हणून बांधणाऱ्यांनी पुलातच दोरासाठी वाट ठेवली. ज्या बोगद्यांत घोड्याला वाट नव्हती, तिथे माणसं फळीवर आडवी पडून, भिंतींवर पाय टेकत, बोट चालवत पार नेत. डडलीचा बोगदा असाच पायांनी पार केला जाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्वीडनची बोलिंडर इंजिनं या बोटींवर बसू लागली आणि घोडे हळूहळू गेले. घोडे गेले, पण काठावरची वाट राहिली, पुलातली फट राहिली, छतावरचा दांडा राहिला. त्यामुळे इंजिन थांबलं तरी या कालव्यावर माणूस पूर्ण अडत नाही.

ज्यांच्याकडून बोट घेतली होती त्यांना फोन केला होता. त्यांचा माणूस हत्यारांची पेटी घेऊन आला. त्यानं प्रश्न विचारले ते क्रमानं: आवाज कसा झाला, धूर कुठल्या रंगाचा, शेवटी डिझेल कधी भरलं. मग फळी उचलून तो खाली उतरला. फिल्टरच्या तळाशी पाणी आणि काळपट चिकटा साचला होता. डिझेलच्या टाकीत हवेतला ओलावा थंड होऊन पाणी बनतं, ते जड म्हणून तळाला बसतं, आणि पाणी व डिझेल जिथं मिळतात त्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढून असा चिकटा धरतो. त्यानं फिल्टर बदलला, एक लहान स्क्रू सैल केला आणि हातानं पंप दाबू लागला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग धार. मला पुढचं पाऊल ठाऊक होतं. सिहोऱ्याच्या नाल्यावर आणि स्ट्रॅटफर्डच्या कालव्यावर विद्या एकच होती.

त्या कालव्याची एक हकिगत मला नंतर समजली आणि ती इथे सांगितलीच पाहिजे. 1958 साली या कालव्याचा दक्षिणेकडचा भाग कायमचा बंद करण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. कालवा गाळानं भरलेला, दरवाजे कुजलेले, आणि तो कुणी वापरत नाही हा युक्तिवाद. पण कायद्याला पुरावा हवा होता की अलीकडच्या काळात कुणीच वापर केला नाही. तेव्हा एका वल्हवायच्या कॅनूचं पैसे भरून घेतलेलं तिकीट पुढे आलं आणि युक्तिवाद कोसळला. मोठी बोट जिथं जाऊ शकत नव्हती तिथं इंजिन नसलेली हलकी कॅनू गेली होती. पुढे हा भाग नॅशनल ट्रस्टनं हाती घेतला. डेव्हिड हचिंग्ज यांच्या देखरेखीखाली स्वयंसेवकांनी, सैनिकांनी आणि तुरुंगातल्या कैद्यांनी गाळ उपसला, दरवाजे नव्यानं बसवले, आणि जुलै 1964 मध्ये तो पुन्हा खुला झाला.

सिहोऱ्याला परतल्यावर मी या सगळ्याचा विचार करत राहिले, कारण बोटींचा इतिहास आमच्या पाण्यालाही आहे. सिहोऱ्याजवळून वाहणारी बावनथडी वैनगंगेला मिळते. वैनगंगा पुढे वर्धा नदीला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते. दीडशे वर्षांपूर्वी याच पाण्यावरून वाफेच्या बोटी आणायचं ठरलं होतं. गोदावरीवर दौलेश्वरमचा बंधारा बांधणाऱ्या आर्थर कॉटन यांचं ते स्वप्न होतं: वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा मार्गानं थेट पूर्व किनाऱ्यावर न्यायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचा देवलमरी. ते टाळण्यासाठी बाजूनं कालवे आणि कुलूपदारं बांधायची होती. 1860 च्या दशकात कॅप्टन हेग यांच्या हाताखाली काम सुरू झालं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं हिंगणघाटच्या कापसाला भाव आला होता, तेव्हा घाईही होती. कमी पाण्यात तरंगतील अशा वाफेच्या बोटी नदीवर आल्या. पण पावसाळ्याचे महिने सोडले तर नदीत बोटीपुरतं पाणी टिकेना. फेब्रुवारी 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस पश्चिमेला वळला. 1871 मध्ये सरकारनं नदीचं काम सोडून दिलं.

बोटी गेल्या. पण त्या नदीवरून सागवानाचे ओंडके बांधून केलेले तराफे त्याआधीही जात होते आणि नंतरही जात राहिले. ढिवरांचे डोंगे चालत राहिले. ज्या साधनाला नदीचा स्वभाव ठाऊक होता ते उरलं. वाफेच्या बोटी करणाऱ्यांची बुद्धी कमी नव्हती, त्यांची हिंमत तर मोठीच होती. पण त्यांनी नदीकडे बारा महिने एकसारखं पाणी मागितलं, आणि आमच्या नद्या तसं पाणी देत नाहीत.

हीच गोष्ट आज सिहोऱ्यात दुसऱ्या रूपानं उभी आहे. चांदपूरचा जलाशय आपल्या पाणलोटातून दरवर्षी भरेलच असं नसतं. म्हणून बावनथडीच्या काठावर सोंड्याटोला उपसा सिंचन योजना उभी राहिली. पावसाळ्यात नदीला पाणी असतं तेव्हा मोठे पंप ते उचलतात आणि कालव्यानं चांदपूरच्या जलाशयात सोडतात. ही योजना या भागाचा मोठा आधार आहे, मी तिचं मोल जाणते. पण पंपाला वीज लागते, विजेचं बिल भरावं लागतं, पंप झिजतात, आणि नदीचं पाणी कुणासाठी थांबत नाही. पूर ओसरल्यावर दुरुस्त झालेला पंप त्या वर्षापुरता निरुपयोगी. म्हणजे हजारो एकरांची नाव एका इंजिनावर चाललेली आहे. अशा नावेत बांबू कुठला?

बांबू आहे, आणि तो आमच्याच पूर्वजांनी ठेवलेला आहे. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्यांनी उतार ओळखून पाळी घातल्या आणि एका तलावाचा सांडवा दुसऱ्या तलावाला पाणी देईल अशा साखळ्या रचल्या. गावोगावी तलाव, शेतात बोडी. पाणी स्वतःच्या वजनानं उताराकडे जातं, एवढ्या एका सत्यावर ती सगळी रचना उभी आहे. तिला डिझेल नको, वीज नको. मालगुजारी रद्द करणारा कायदा 1950 साली आला, तलाव सरकारकडे गेले आणि माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, या नावानं कागदावर उरले. मालक बदलला तसा गाळ काढणारा हात कोणाचा, हे अस्पष्ट झालं. पाळीवर झुडपं वाढली, तलावात बेशरम नावाचं तण माजलं, पोटात शेती घुसली. आम्ही बांबू फेकून दिला नाही, पण तो कुजू दिला.

तरीही तो बरा करता येतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकर यांनी ढिवर समाजाला सोबत घेऊन हे करून दाखवलं आहे. तलावातली बेशरम उपटायची, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, देशी मासळीला परत आणायचं, आणि तलावाची जाण असलेल्या माणसांचं शहाणपण प्रमाण मानायचं. या कामात ढिवर बाया पुढे आल्या. तलाव जिवंत झाला की मासळी वाढते आणि धानालाही पाणी मिळतं. पंप सुरू असेल तेव्हा ही जोड, आणि पंप थांबेल तेव्हा हाच आधार.

होडीची गोष्ट करताना आणखी एक सांगणं माझ्यावर आहे. आता आमच्या तलावांवर आणि वैनगंगेवर मोटारीच्या बोटी वाढत आहेत. पर्यटन येत आहे आणि ते यावं. गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी झाली, आणि त्याच्या फुगवट्यामुळे वैनगंगेत जिथं पूर्वी बांबू तळाला लागे, तिथं आता खोल पाणी आहे. खोल पाण्यात बांबू अपुरा पडतो. तिथं वल्हं हवं, नांगर हवा, दोर हवा. रुंद जलाशयात इंजिन थांबलं तर वारा बोटीला हवं तिकडे नेतो, तेव्हा पहिलं काम नांगर टाकून जागा धरण्याचं. जानेवारी 2024 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटला आणि मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या मजूर बायांचे जीव गेले. ती सहल नव्हती, रोजचं पोट होतं. त्या डोंग्यात इंजिन नव्हतं, म्हणून ही गोष्ट इंजिनाची नाही असं कुणी म्हणेल. पण प्रश्न तोच आहे: पहिलं साधन हातातून गेलं तर दुसरं काय? पाण्यावर निघालेल्या प्रत्येक माणसाच्या अंगावर तरंगणारं जाकीट हे त्या प्रश्नाचं पहिलं उत्तर आहे. ते पर्यटकाला मिळतं आणि मजूर बाईला मिळत नाही, हे आपण चालू देता कामा नये.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. चांदपूरला असो की वैनगंगेवर, इंजिनाच्या बोटीत बसण्याआधी बोटवाल्याला विचारा: वल्हं कुठं आहे, नांगर कुठं आहे, जाकिटं किती आहेत, आणि इंजिन थांबलं तर ते उघडणारा माणूस बोटीत आहे का? ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय काठ सोडू नका. शेतात इंजिन असेल तर घरातल्या मुलाला आणि मुलीलाही हवा काढायला शिकवा. आणि सिहोऱ्याच्या माझ्या भावा-बहिणींनो, सोंड्याटोल्याचे पंप वेळेवर सुरू व्हावेत म्हणून जरूर भांडा, पण ज्या उन्हाळ्यात ते भांडण चालेल त्याच उन्हाळ्यात आपल्या गावच्या तलावाची पाळही मोकळी करा. पंपाची दुरुस्ती दुसऱ्याच्या हातात आहे. पाळ आपल्या हातात आहे.